उंदराच्या मेंदूत संदेश धाडायचा कशाने: विजेने की प्रकाशाने?

मेंदूतून संदेश वाचायला इलेक्ट्रोड दोन्ही पद्धतींत लागतोच. खरी निवड आहे ती आत संदेश घालण्याची.

विजेला थांबावं लागत नाही. शस्त्रक्रियेतून उंदीर सावरला की काम सुरू. प्लॅटिनम-इरिडियमची तार, १० ते १०० मायक्रोअँपिअर, २०० मायक्रोसेकंदांचा ऋण स्पंद आणि लगेच तेवढाच धन. विद्युतभार शिल्लक राहिला तर तार आणि ऊती दोन्ही खराब होतात. अडचण अशी की वीज पेशी निवडत नाही. टोकाजवळून नुसता जाणारा दुसऱ्या पेशीचा लांब धागा, म्हणजे अ‍ॅक्सॉनही चेततो आणि भलतीकडची पेशी जागी होते. शिवाय त्या क्षणी शेजारच्या इलेक्ट्रोडचा अ‍ॅम्प्लिफायर भरून जातो, आणि नेमकं उत्तर यायच्या वेळी नोंद आंधळी होते.

प्रकाशाचं तसं नाही. हिरव्या शैवालातलं चॅनेलऱ्होडॉप्सिन-२ हे प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन (ऑप्सिन) न्यूरॉनमध्ये, म्हणजे चेतापेशीत, घालून निळ्या प्रकाशाने त्याला चेतवता येतं, हे बॉयडन आणि डायसेरॉथ यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं. कुठल्या पेशीत ते बनावं हे प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, ठरवतो. किंमत वेळेत मोजायची: प्रथिनाचं जनुक पेशीत नेणारा एएव्ही विषाणू टोचल्यावर दोन ते चार आठवडे थांबा. अर्धा मायक्रोलिटर, मिनिटाला १०० नॅनोलिटर या गतीने सोडा आणि सुई आणखी १० मिनिटं तशीच ठेवा. घाईने ओढली तर द्रव सुईच्याच वाटेने वर येतो आणि भलत्या थरात प्रथिन बनतं. विषाणू उणे ८० अंशांवर छोट्या छोट्या भागांत वाटून ठेवा. पुन्हा पुन्हा वितळवला की निकामी होतो.

प्रकाश आत नेणाऱ्या २०० मायक्रोमीटरच्या फायबरच्या टोकाशी १० मिलिवॉट मिळाले, तरी मिलिमीटरभर पुढे तीव्रता शंभराव्या हिश्श्याच्या आसपास उरते. चेतवायला साधारण १ मिलिवॉट प्रति चौरस मिलिमीटर लागतं, म्हणजे हिशेब काठावरच. बसवण्याआधी पॉवर मीटरवर टोक मोजा, त्या फायबरचा आकडा वहीत लिहा. फेरुलवर, म्हणजे फायबर जोडायच्या नळीवर, धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश घटतो, आणि दोष विषाणूला दिला जातो. सांध्यातून निसटलेला निळा उजेड उंदराला दिसतो. त्यावर काळा दंतसिमेंट थापा.

प्रकाशाने नोंद स्वच्छ राहते, हेही अर्धसत्य. धातूच्या उघड्या टोकावर प्रकाश पडला की तिथेच विद्युतदाब उमटतो, आणि तो अगदी न्यूरॉनच्या स्पंदासारखा दिसू शकतो. म्हणून फक्त चमकणारं प्रथिन असलेले, ऑप्सिन नसलेले उंदीर तुलनेसाठी सोबत हवेतच. चॅनेलऱ्होडॉप्सिन-२ ४० हर्ट्झच्या वर बऱ्याच पेशींत स्पंद चुकवतं. जास्त वेग हवा तर त्याचाच चीटासारखा वेगवान प्रकार घ्या.

लूप बंद करायचा असेल, म्हणजे वाचत वाचत उत्तर द्यायचं असेल, तर आमचं मत प्रकाशाकडे. आठवड्यात निकाल हवा असेल तर तारच. माणसात मेंदूच्या आत आजही वीज वापरात आहे. प्रकाशाने २०२१ मध्ये एका अंध रुग्णाला अंशतः दृष्टी दिली, पण ती डोळ्याच्या पडद्यात, खास गॉगल लावून.