प्लेअर्स हँडबुक २०२४: चौघं आधीच बसलेत, आता पाचव्याने कोण व्हायचं?

आधीच सांगतो, हा अख्ख्या पुस्तकाचा रिव्ह्यू नाहीये. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, प्रत्येकाने एक पात्र घेऊन मिळून गोष्ट खेळायचा खेळ, आणि त्याचं २०२४ चं नियमांचं पुस्तक प्लेअर्स हँडबुक ३८४ पानांचं आहे आणि त्यातली निम्मी पानं मी खेळताना अडलं की उघडतो तेवढीच वाचलीत. मी ते मागवलं एकाच प्रश्नासाठी (मागवलं म्हणजे मित्राची बहीण अमेरिकेहून येताना घेऊन आली, बॅगेत तिच्या चॉकलेटांची जागा गेली म्हणून अजून ऐकवते): चार जणांची पार्टी (पात्रांची टोळी) आधीच जमलेली आहे, तिसऱ्या लेव्हलला आहे, आणि मी पाचवा म्हणून मधेच घुसतोय, तर क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, कुठला घेऊ?

प्रश्न साधा वाटतो पण माझे हात आधी पोळलेत. मागच्या कॅम्पेनला (महिनोन् महिने चालणारी एक गोष्ट) मी क्लेरिक होतो, देवाच्या नावाने मंत्र टाकणारा पुजारी. झालो नव्हतो, मला केला होता. पहिल्या दिवशी ट्रॅफिकमध्ये अडकून पाऊण तास उशिरा पोचलो तोवर सगळ्यांनी तलवारी, धनुष्यं, जादू वाटून घेतलेली, आणि मी चप्पल काढतोय तेवढ्यात आतून आवाज आला, "आला बघा आपला हीलर." मग आठ महिने माझं काम एकच, टर्न आला की कोणाला किती लागलंय विचारायचं आणि क्युअर वुंड्स हा जखमा भरायचा मंत्र मारायचा. ढोलपथकात बघा, सगळ्यांना ढोल हवा असतो, आणि टोल मारायला जो उशिरा येतो त्याला उभा करतात, तसं.

बरं त्याने फायदा होत होता म्हणाल तर तेही नाही. २०१४ च्या, म्हणजे याच्या आधीच्या, पुस्तकात क्युअर वुंड्स पहिल्या लेव्हलला आठ बाजूंचा एक फासा, त्यात माझ्या विस्डमचे ३ मिळवा, म्हणजे सरासरी साडेसात पॉइंट जीव परत. समोर ओगर (धिप्पाड राक्षस) असेल तर त्याच्या सोट्याचा एक फटका सरासरी १३. मी अख्खी अ‍ॅक्शन (टर्नमधली मुख्य चाल) घालवून साडेसात भरतोय आणि तो एका फटक्यात १३ काढतोय, गळकी बादली भरण्यातला प्रकार. नव्या पुस्तकात दोन फासे केलेत, म्हणजे १२ येतात, तरी ओगर एकाने पुढेच. हे १३ विरुद्ध १२ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पुस्तक. क्लास बाराच्या बारा आहेत, प्रत्येकाला चार सबक्लास (उपप्रकार), म्हणजे एकूण ४८, आणि सबक्लास आता सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला मिळतो, जे फार बरं केलं कारण आधी कोणाला पहिलीला कोणाला दुसरीला असा घोळ होता. क्लास लावलेत इंग्रजी बाराखडीने. त्यामुळे होतं काय की नवा माणूस पुस्तक उघडतो, पहिला येतो बार्बेरियन, चित्र भारी, बारा बाजूंचा हिट डाय (किती जीव ते ठरवणारा फासा), राग आला की मारायचं, समजायला काही कष्ट नाहीत, आणि तो तिथेच थांबतो. आमच्या टेबलावरचा नाशिकवाला असाच बार्बेरियन झालाय, त्याच्या कॅरेक्टरचं नाव भैरू, आणि त्याने विझर्डचं (जादूगाराचं) पान आजतागायत पाहिलेलं नाही.

कॅरेक्टर बनवायच्या प्रकरणात एक तक्ता आहे, कुठला क्लास कोणाला आवडेल आणि कुठला किती किचकट, लढवय्या फायटर आणि चोर रॉग सोपे, गाणारा बार्ड आणि प्राणी होणारा ड्रुइड अवघड वगैरे. तो खरंच कामाचा आहे, नवीन खेळाडूला पहिले तेच पान दाखवा. आणि पार्टीबद्दल काय, तर जुनीच चौकडी, क्लेरिक, फायटर, रॉग, विझर्ड, आणि यांच्याऐवजी कोण चालेल ते सांगितलंय. ही चौकडी का, तर १९७४ साली खेळ आला तेव्हा क्लासच तीन होते, लढणारा, जादूवाला आणि क्लेरिक, आणि चोर १९७५ च्या पुरवणीत आला. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची पंगत अजून तशीच वाढतायत. मधे २००८ च्या चौथ्या एडिशनमध्ये प्रत्येक क्लासवर सरळ शिक्का मारला होता, हा डिफेंडर (मार झेलणारा), हा स्ट्रायकर (जोरात मारणारा), हा लीडर (साथ देणारा), हा कंट्रोलर (शत्रूला रोखणारा). लोकांनी तेव्हा नाकं मुरडली, पण मला विचाराल तर पाचवा म्हणून येणाऱ्याला तो शिक्का निदान सुरुवात तरी करून देत होता. आता शिक्के गेले आणि त्यांच्या जागी दुसरं काही फारसं आलं नाही. पार्टीत कोण नाही हे पुस्तक सांगतं, पण पार्टीचं कुठे अडतंय हे कसं ओळखायचं त्याबद्दल चकार शब्द नाही.

म्हणून मी पुस्तक मिटलं आणि चौघांना वेगवेगळं विचारलं, की बाबा, गेल्या तीन सेशनमध्ये तुझं नेमकं कुठे अडलं? टेबल असं: बार्बेरियन नाशिकला, रॉग आणि वॉरलॉक (करार करून जादू मिळवलेला) पुण्यात, रेंजर (रानात भटकणारा शिकारी) डब्लिनला, आणि आमची डीएम, म्हणजे खेळ चालवणारी डंजन मास्टर, ठाण्याची, तिला सगळे ताईच म्हणतात, तिच्यापेक्षा मोठा असलेला डब्लिनवालासुद्धा. उत्तरं मजेशीर आली. भैरू म्हणाला, त्या हार्पीने (पंखवाल्या राक्षसिणीने) गाणं म्हटलं आणि मी रेज-बिज विसरून तिच्याकडे चालत गेलो, दोन राउंड नुसता उभा. (मनावरच्या जादूतून सुटायला टाकायचा फासा म्हणजे विस्डम सेव्ह, बार्बेरियनचं ते म्हणजे आनंदच असतो, आणि नव्या नियमांत इनकॅपॅसिटेटेड, म्हणजे हतबल, झालं की रेजही संपतो.) रॉग म्हणाली, सगळे लांब पळतात, शत्रूच्या शेजारी आपला कोणी उभा नसेल आणि अ‍ॅडव्हांटेजही (दोन फासे टाकून मोठा घ्यायची मुभा) नसेल तर माझा स्नीक अ‍ॅटॅक बसत नाही. वॉरलॉक नेहमीप्रमाणे रडला, माझे दोनच स्लॉट (मंत्र टाकायच्या खेपा), ते शॉर्ट रेस्टला (तासाभराच्या विश्रांतीला) परत येतात आणि तुम्ही मेले शॉर्ट रेस्टच घेत नाही. रेंजर म्हणाला मला काही नको, फक्त वेळेवर सुरू करा.

बघा, चौघांपैकी एकानेही "हीलर नाही" असं म्हटलं नाही! पार्टीत हीलर नव्हता तरी.

मग एकेक क्लास काढून पाहिला. क्लेरिक कागदावर सगळ्यात बरा, ब्लेस टाकलं की तिघांच्या हल्ल्यात आणि सेव्हमध्ये चार बाजूंचा फासा मिळतो, पाचव्या लेव्हलला स्पिरिट गार्डियन्स (भोवती फिरणारे आत्मे), रिव्हिव्हिफाय (मेलेल्याला उठवणारा मंत्र), सगळं मान्य, पण मी परत होणार नाही. पॅलाडिन (शपथ घेतलेला धर्मयोद्धा) घ्यावासा वाटत होता. त्याच्याकडेही ब्लेस आहे, लेव्हलच्या पाचपट पॉइंट हात लावून भरता येतात आणि नव्या पुस्तकात ते बोनस अ‍ॅक्शनमध्ये (टर्नमधली जादा छोटी चाल) होतं, रॉगच्या बाजूला उभा राहायला माणूस मिळतो. पण त्याची खरी जादू म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांची सेव्ह वाढवणारा ऑरा (वलय), आणि तो येतो सहाव्या लेव्हलला. आमच्या वेगाने तिसरीवरून सहावीला जायला एक दिवाळी तरी जाते. ड्रुइड सोडला, प्राण्यांची पानं शोधत बसायला मला जमणार नाही. विझर्डवर मात्र अडखळलो, कारण पार्टीत बुद्धीचा माणूस एकही नव्हता, आणि पाचव्या लेव्हलला मिळणारा फायरबॉल, आजूबाजूच्या सगळ्यांना भाजणारा आगीचा गोळा, कोणाला नको असतो. ताईला मेसेज टाकला, "ताई, विझर्ड चालेल का?" तिचं उत्तर, "चालेल की. भैरू कुठे उभा असतो ते आठव आणि मग फायरबॉल घे."

शेवटी बार्ड. बार्ड म्हणजे गिटार घेतलेला गोडगोड पोरगा असं डोक्यात असेल तर काढून टाका, आपला शाहीर आठवा, कडाडणारा डफ, समोरच्याला चढवणारा आणि शत्रूची इज्जत काढणारा. मी कॉलेज ऑफ व्हॅलर हा सबक्लास घेतला, त्यात मीडियम आर्मर आणि ढाल मिळते, म्हणजे रॉगच्या शेजारी जाऊन उभं राहता येतं. भैरूचा प्रश्न बार्डिक इन्स्पिरेशनने, म्हणजे बार्ड मित्राला जो जादा फासा देतो त्याने, सुटला. सहा बाजूंचा फासा, आणि नव्या नियमात मोठा बदल म्हणजे तो आधी फेल झाल्यावर वापरायचा. जुन्यात पास की फेल कळायच्या आधी ठरवावं लागे, निम्मे फासे उगाच जायचे. दुसऱ्याच सेशनला भैरू परत विस्डम सेव्हला दोनाने पडला, फासा टाकला, चार आले, आणि टेबलावर असा आरडाओरडा झाला की माझ्या घरचे उठून बघायला आले.

आता ते १३ आणि १२. बार्डकडे व्हिशस मॉकरी नावाची कँट्रिप आहे, ६० फुटांवरून शत्रूचा अपमान करायचा, तो विस्डम सेव्ह हुकला तर थोडं डॅमेज आणि त्याच्या पुढच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हांटेज. म्हणजे त्याने दोन फासे टाकून लहान घ्यायचा. स्लॉट लागत नाही, कितीही वेळा. ओगरला अक्कल बेताची, विस्डम सात, तो बहुतेक वेळा पडतोच. मी त्याला म्हणालो, "दुपारी एक ते चार हल्ला करू नये, अपमान होईल." ओगरचा फटका हुकला. जो १३ बसलाच नाही त्यासाठी १२ भरायची वेळच येत नाही, हे मला आठ महिने क्लेरिक असताना कोणी का सांगितलं नाही! आणि कोणी पडलाच तर हीलिंग वर्ड आहे, लांबून, बोनस अ‍ॅक्शनमध्ये, एक पॉइंट जरी मिळाला तरी माणूस उठतो आणि त्याचा अख्खा टर्न खेळतो. हीलिंगचं खरं काम तेवढंच.

पुस्तकातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट क्लासच्या प्रकरणात नाहीच, ती बॅकग्राउंडमध्ये आहे. सोळा बॅकग्राउंड (पात्र आधी काय करायचं ते) आहेत आणि प्रत्येकाबरोबर पहिल्या लेव्हललाच एक फीट (खास कौशल्य) मिळतो. तुमच्याकडे रॉग नाही? कोणीही क्रिमिनल बॅकग्राउंड घ्या, कुलपं उघडायच्या हत्यारांची सवय येते. हीलर नाही? अ‍ॅकोलाइट घेतला की क्लेरिकच्या दोन कँट्रिप आणि एक मंत्र मिळतो, तो दर लाँग रेस्टमागे (रात्रभराची विश्रांती) एकदा फुकट. हर्मिटला हीलर फीट आहे. म्हणजे पार्टीतलं भोक बुजवायला अख्खा माणूस खर्ची घालायची गरजच नाही. हे पुस्तकाने ठळक अक्षरात पार्टीच्या चौकटीशेजारी छापायला हवं होतं, तसं काही नाही, तुमचं तुम्ही जोडून घ्या.

मी एंटरटेनर घेतलं, त्यात म्युझिशियन फीट. रेस्ट संपताना मी एक गाणं वाजवायचं आणि ऐकणाऱ्या दोघांना (लेव्हलबरोबर प्रोफिशियन्सी बोनस वाढला की जास्त जणांना) हिरॉइक इन्स्पिरेशन मिळतं, म्हणजे एक फासा परत टाकता येतो. आणि इथे गंमत झाली, शॉर्ट रेस्टलाही मिळतं म्हटल्यावर जे लोक वॉरलॉकला हसायचे तेच आता दर लढाईनंतर "बसू या का तासभर?" विचारायला लागले. वॉरलॉकचे स्लॉट आपोआप भरतात. त्याच्यासाठी मी काही केलंच नाही आणि सगळ्यात जास्त खूश तोच आहे.

तक्रारी आहेत. इन्स्पिरेशन देणं बोनस अ‍ॅक्शन आणि हीलिंग वर्डही बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे भैरूला फासा द्यायचा की पडलेल्या रॉगला उठवायचं हे दर दुसऱ्या राउंडला ठरवावं लागतं, आणि नव्या माणसाला पुस्तक हे कुठेच सरळ सांगत नाही, खेळताना ठेच लागते. इन्स्पिरेशन पाचव्या लेव्हलपर्यंत फक्त लाँग रेस्टला परत येतं, तोवर मोजून वापरा. वॉरलॉकची जादू करिश्म्यावर (बोलून छाप पाडायची ताकद) चालते आणि माझीही, त्यामुळे कुठल्या राजाशी कोण बोलणार यावरून पहिल्या आठवड्यात थोडं वाजलं, शेवटी ठरलं की धमकी तो देणार आणि मस्का मी मारणार. बॅकग्राउंडला ताकद-बुद्धीसारख्या ठरावीक अ‍ॅबिलिटी बांधून टाकल्यात तेही मला पटलं नाही, हर्मिटचं हीलर फीट भैरूला द्यावं म्हटलं तर त्याला त्यातली कॉन्स्टिट्यूशन सोडून फारशी कुठली उपयोगाची नाही.

पैशाचं म्हणाल तर छापील किंमत ४९.९९ डॉलर, इथे आयात होऊन येतं तर त्याहून जड पडतं, आणि अख्खं इंग्रजीत. आधी फुकटातले नियम उतरवून घ्या. एसआरडी ५.२ (खेळाच्या मूळ नियमांचा संच) एप्रिल २०२५ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे, बाराही क्लास आहेत पण सबक्लास प्रत्येकी एकच, बार्डला त्यात व्हॅलर नाही, लोर आहे. बॅकग्राउंड चारच, अ‍ॅकोलाइट, क्रिमिनल, सेज, सोल्जर, म्हणजे माझं गाणंबजावणं त्यात नाही. दोन-तीन सेशन त्यावर खेळा, आणि घ्यायचंच झालं तर ग्रुपमध्ये एक प्रत पुरते, आमची एकच आहे आणि बाकीचे मला पानांचे फोटो मागतात, रात्री अकरा वाजता.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो त्या चौकडीच्या चौकटीसाठी.

परवा पाचव्या लेव्हलला पोचलो, आता माझं इन्स्पिरेशनही शॉर्ट रेस्टला भरतं. डब्लिनवाला म्हणतोय पुढच्या मोहिमेला त्याला बार्ड व्हायचंय. मी सांगितलंय, वेळेवर आलास तर.