नॅनीच्या टॅक्सचे पैसे टॅक्सवाल्यानेच खाल्ले

न्यू जर्सीत मुलं सांभाळायला घरी मावशी ठेवल्या असतील आणि टॅक्सचं सगळं ओळखीतल्या कुणावर सोपवलं असेल, तर हे नीट वाचा. आमचे पैसे गेले ते गेलेच. पण मावशींच्या सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी पेन्शन योजनेच्या) नोंदीत एक अख्खं वर्ष कोरं राहिलं, याचा संताप जास्त आहे.

आई आणि सासूबाई आळीपाळीने येऊन गेल्यावर 2023 च्या जानेवारीपासून मावशी यायला लागल्या. मूळच्या नाशिकच्या, लेकीने ग्रीन कार्डवर आणलेल्या. पगार आठवड्याला 600 डॉलर. रोखीत नको, सगळं कागदावर हवं, हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळायला 40 क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षं काम. पन्नाशी ओलांडून इथे आलेल्या बाईला त्यातलं एकेक वर्ष किती मोलाचं असतं!

आमचं रिटर्न भरून देणाऱ्या या टॅक्सवाल्याचं नाव मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कायम असायचं. घरी यायचा, चहा घ्यायचा, बाळाची चौकशी करायचा. त्याने सांगितलेले नियमही अगदी खरे होते. 2023 मध्ये घरकामाच्या माणसाला वर्षभरात 2,600 डॉलर किंवा त्याहून जास्त दिले की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) कर लागू होतो. मालकाचे 7.65 टक्के, कामगाराचे 7.65 टक्के, आणि सगळं आपल्याच 1040 ला, म्हणजे वार्षिक टॅक्स रिटर्नला, शेड्यूल एच (घरकामगार कराचा पुरवणी फॉर्म) जोडून भरायचं. काही टॅक्सवाले ‘मावशींना 1099 (स्वतंत्र कंत्राटदाराला देतात तो फॉर्म) देऊन मोकळे व्हा’ म्हणतात, तसं हा म्हणाला नाही. (तसं करूही नका. काम कधी आणि कसं करायचं हे आपण ठरवत असू तर त्या आपल्या कर्मचारीच ठरतात, आणि 1099 दिला की सगळे 15.3 टक्के त्या बिचारीच्या डोक्यावर बसतात.)

दर शुक्रवारी मावशींच्या पगारातून 45.90 डॉलर कापायचे, वहीत मांडायचे, आणि मावशींनी पुढे सही करायची. राज्याची कपात वेगळ्या रकान्यात. 2024 च्या मार्चमध्ये त्याने रिटर्नची पीडीएफ पाठवली. केंद्राच्या बेरोजगारी करासकट शेड्यूल एचवर 4,815.60 डॉलर. बाकीचा आमचा कर पगारातूनच कापला गेला होता, देणं एवढंच. ‘घरकामगारवाल्या सगळ्या क्लायंटचं मी एकत्र भरतो, माझ्या खात्यावर झेल (Zelle, बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) करा,’ असं त्याने लिहिलं. आम्ही पैसे पाठवले. मावशींना त्याने छापील डब्ल्यू-2 (वर्षाचा पगार आणि कपातीचा दाखला) दिला.

खरी लबाडी त्या ‘एकत्र भरतो’मध्ये होती. शेड्यूल एचचा कर आपल्याच 1040 मधला असतो. तो आपल्या नावावर, आपल्या बँकेतून थेट आयआरएसला (केंद्राच्या कर खात्याला) जातो, नाहीतर युनायटेड स्टेट्स ट्रेझरीच्या नावाने चेक लिहायचा. टॅक्सवाल्याच्या खात्यावर तो जायचं काही कारणच नाही.

2024 च्या सप्टेंबरात मुलगा प्रीस्कूलला जायला लागला, मावशींचं काम संपलं आणि त्यांनी बेरोजगारी भत्त्याचा अर्ज केला. थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला, ‘ताई, तुमच्याकडे मी काम केल्याची नोंदच नाही म्हणतायत हो. तुम्ही कापलेले पैसे गेले कुठे?’

त्याच रात्री आयआरएसच्या साइटवर आमचं खातं उघडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे त्यांच्याकडच्या रिटर्नचा उतारा, काढलं. घरकामगार कराच्या ओळीत शून्य. आमच्याकडच्या पीडीएफवर त्याची सही आणि पीटीआयएन (रिटर्न भरून देणाऱ्याचा नोंदणी) नंबर दिसत होता, पण आयआरएसकडे गेलेल्या रिटर्नवर ती चौकट रिकामी. म्हणजे ते आम्हीच भरलं असं दाखवून त्याने पाठवलं होतं, शेड्यूल एच काढून. डब्ल्यू-2 वरचा ईआयएन (मालकाचा ओळख क्रमांक) आमचा नव्हताच. ईआयएन फुकट मिळतो आणि आयआरएसकडून तो कळवणारं सीपी 575 नावाचं पत्र येतं. तसं पत्र आमच्या नावाने कधी निघालंच नव्हतं. घरकामगार ठेवणाऱ्यांनी भरायचा राज्याचा एनजे-927-एच फॉर्म भरलेला नव्हता. त्याने फोन उचलणं बंद केलं.

आयआरएसच्या लेखी कर आम्ही भरलेलाच नव्हता, त्यामुळे आम्ही तो पुन्हा भरला, व्याजासकट. नवा ईआयएन घेतला, 1040-एक्सबरोबर (दुरुस्त रिटर्नबरोबर) शेड्यूल एच पाठवला, खरा डब्ल्यू-2 सोशल सिक्युरिटीकडे दाखल केला, राज्याचेही फॉर्म भरले. आता मावशींच्या नोंदीत 2023 ची चारही क्रेडिट दिसतात आणि भत्ताही सुरू झाला. मिळकतीची नोंद दुरुस्त करायला साधारण मुदत असते ती पगाराचं वर्ष संपल्यापासून 3 वर्षं, 3 महिने आणि 15 दिवस. आपल्या मावशींना त्यांचं सोशल सिक्युरिटीचं ऑनलाइन खातं तुमच्यासमोर बसवून उघडून द्या आणि तुम्ही दिलेला पगार तिथे दिसतो का, ते दोघी मिळून बघा. आपल्या ट्रान्सक्रिप्टमध्येही तो कर शोधा. ई-फाइल करण्याआधी टॅक्सवाल्याने 8879 वर (ई-फाइलला परवानगी देणाऱ्या फॉर्मवर) तुमची सही घेतली नसेल, तर तिथेच थांबा.

पोलिसांत तक्रार केली आहे, आयआरएसकडे टॅक्सवाल्याविरुद्धच्या तक्रारीचे फॉर्म 14157 आणि 14157-ए पाठवले आहेत. याच माणसाला आणखी काही कुटुंबांनी पैसे दिल्याचं कळलंय. त्यांनी आमच्या तक्रारीवर विसंबू नये, आपापली वेगळी तक्रार करावी आणि झेलच्या नोंदी, त्याचे मेसेज, पीडीएफ काहीही डिलीट करू नये.