कोल्हापुरात शेड बांधताना: नळीची कैची, अँगल की पीईबी?

शेड घालायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो दराचा: चौरस फुटाला किती? त्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. शेड कुठल्या तालुक्यात उभं राहणार? गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात हजारच्या आसपास, आणि शिरोळला पाच-सहाशे. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर, पण एका टोकाला चाललेला छपराचा उतार दुसऱ्या टोकाला गळतो. एका टोकाला जांभा, दुसऱ्याला काळी माती, मध्ये पंचगंगेचा पूर. त्यामुळे "अमक्याचं शेड दहा वर्षं उभं आहे, तसंच घाला" हा सल्ला त्या अमक्याच्या गावापुरताच धरावा.

सगळ्यांना लागू पडणारी गोष्ट: वारा

आयएस ८७५ भाग ३ या मानकात वाऱ्याचा नकाशा आहे. त्यात आपला भाग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटरच्या पट्ट्यात येतो. हा वेग रोजचा नव्हे, झोताचा. आपल्याकडे असा झोत येतो तो बहुधा वळवात. दुपारी ढग भरून येतात, दहा-पंधरा मिनिटं धुळीचा लोट उठतो आणि पत्रे शेजारच्या उसात सापडतात.

हिशेबासाठी ४० बाय ६० फुटांचं शेड घेऊ. दर २० फुटांवर खांबांची जोडी, एकूण ८ खांब, एक बाजू उघडी. ३९ मीटर वेगाचा मूळ दाब चौरस मीटरला साधारण ९३ किलो. मानकातले गुणक लावल्यावर तो ६५ च्या आसपास येतो. पण उघड्या बाजूने आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो आणि वरून जाणारा वारा त्याच वेळी ओढतो. दोन्ही मिळून चौरस मीटरला ९० ते १०० किलो उचल लागते. पत्रा, पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या), कैची (छपर पेलणारा त्रिकोणी सांगाडा) सगळं धरून छपराचं वजन २० किलोच्या आसपास. म्हणजे ७० ते ८० किलो उचल शिल्लक राहते. मधल्या एका खांबाच्या वाट्याला ३७ चौरस मीटर छप्पर येतं, तेव्हा तो खांब अडीच ते तीन टनांनी जमिनीतून उपटला जात असतो.

दोन बाय दोन फुटांचा, तीन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा भरतो जेमतेम ८०० किलो. अशा पायावर कितीही जाड लोखंड उभं केलं तरी ते पैसे वाऱ्यावर सोडल्यासारखेच. चार बाय चार फुटांचा, पाच फूट खोल खड्डा घेऊन तळाला काँक्रीटची पाटी, तिच्यावर पेडेस्टल (खांब ज्यावर बसतो तो काँक्रीटचा ठोकळा) आणि भोवती थराथराने कुटलेला मुरूम घातला तर चार टनांच्या आसपास वजन मिळतं. शेडची तुलना इथून सुरू करायची, पत्र्याच्या रंगापासून नव्हे.

सांगाडा: तीन पर्याय

*नळीची कैची.* गोल किंवा चौकोनी पाईपची, गावातला फॅब्रिकेटर वेल्डिंग करून देतो ती. ४० ते ५० फुटांच्या गाळ्यापर्यंत (गाळा म्हणजे समोरासमोरच्या दोन खांबांतलं अंतर) हा सर्वांत किफायतशीर पर्याय आहे. त्याच कामाच्या अँगलच्या कैचीपेक्षा लोखंड ३० ते ४० टक्के कमी लागतं, धूळ साचायला कोपरे कमी, रंगवायचं क्षेत्रफळही कमी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून रानात नेता येते आणि चेनब्लॉकवर उचलता येते.

ही कैची बिघडते ती तीन ठिकाणी. पहिलं, जाडी. आयएस ८०६ नुसार उघड्यावरच्या पाईपची भिंत किमान ४ मिमी आणि आडोशाच्या कामाला ३.२ मिमी हवी. कोटेशनमध्ये मात्र सर्रास २ मिमीचा पाईप येतो. त्यातला अर्धा मिमी गंजाने खाल्ला की चौथा हिस्सा ताकद गेली. दुसरं, उघडी टोकं. पाईपचं तोंड पत्र्याची चकती वेल्ड करून बंद केलं नाही तर पावसाळ्यात आत ओल शिरते आणि गंज आतून लागतो, बाहेरून रंग शाबूत दिसत राहतो. तिसरं सगळ्यांत कमी लोकांना माहीत असतं. कैचीची खालची तुळई एरवी ताणाखाली असते. वाऱ्याने छप्पर उचललं की तीच तुळई दाबाखाली येते आणि आडवी वाकते. म्हणून सगळ्या कैच्यांच्या खालच्या तुळया शेडच्या लांबीच्या दिशेने पाईपने एकमेकींना जोडाव्या लागतात. ४० फुटांच्या गाळ्याला अशा निदान दोन ओळी हव्यात, शिवाय टोकाच्या खणात फुलीचे ब्रेसिंग (तिरपे आधार). दर कमी करायचा झाला की सगळ्यांत आधी हेच वगळलं जातं, कारण शेड त्याच्याशिवायही उभं दिसतं.

*अँगल-चॅनेलचा सांगाडा.* जुन्या गुऱ्हाळांत आणि कारखान्यांत अजून दिसतो. वजनाला जास्त, म्हणून महाग. पण प्रत्येक भाग डोळ्यांनी तपासता येतो, कुठलाही वेल्डर दुरुस्त करू शकतो आणि पुढे मोनोरेल किंवा हॉइस्ट (वजन उचलायचं यंत्र) टांगायचा झाला तर जोडाच्या सांध्यावर पट्टी लावून काम भागतं. अडचण आहे पाठीला पाठ लावलेल्या दोन अँगलच्या फटीत. तिथे ब्रश पोहोचत नाही, पाणी मात्र पोहोचतं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या पश्चिम भागात चार महिने हवा कोरडी होत नाही. तिथे ही फट आधी फुगते आणि मग सांध्याची पट्टी उलते. शिरोळ-हातकणंगल्याच्या कोरड्या बाजूला हाच सांगाडा निवांत टिकतो.

*पीईबी (प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग).* कारखान्यात कापून, वेल्ड करून आणलेल्या, मध्ये अरुंद आणि सांध्याजवळ रुंद अशा आय आकाराच्या तुळया. प्लेट ३४५ मेगापास्कल ताकदीची, जागेवर फक्त बोल्ट. ६० फुटांच्या पुढे मध्ये खांब नको असेल, किंवा गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या एमआयडीसीत ओव्हरहेड क्रेन चालवायची असेल तर दुसरा पर्याय पाहूच नये. यात नकाशे आणि भारांचा हिशेब सोबत मिळतो, आणि तो सगळ्यांत मोठा फायदा आहे.

पण पीईबीची चौकट पायाला नुसतं खाली दाबत नाही, बाहेरही ढकलते. काळ्या मातीत हा आडवा धक्का पेलणारा पाया वेगळा हिशेब करूनच घालावा लागतो. नळीच्या शेडसाठी खणलेले खड्डे वापरून चालत नाही. क्रेन आणि ट्रेलर जागेपर्यंत गेला पाहिजे, तेव्हा उसाच्या रानातली दहा फुटी वाट असेल तर तिथेच विषय संपतो. शिवाय प्रत्येक प्लेट हिशेबाने पातळ केलेली असते. तुळईला भोक पाडणं, एक्झॉस्टसाठी फ्लँज (तुळईची वरची-खालची रुंद पट्टी) कापणं, नंतर हॉइस्ट लटकवणं यांतलं काहीही आयत्या वेळी करता येत नाही. जे लागणार ते आधीच सांगावं.

थोडक्यात निवड अशी. गाळा ५० फुटांच्या आत आणि क्रेन नाही, तर नळीची कैची घ्या, मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. त्याची फी लोखंडाच्या बचतीतून निघते. ५० ते ६० च्या मध्ये दोन्हींची कोटेशन्स पायाच्या खर्चासह मागवा. त्याच्या वर पीईबी.

पत्रा

बहुतेकांची सगळी चर्चा इथेच होते, त्यामुळे फक्त फसगतीच्या जागा सांगतो. "०.५० चा पत्रा" म्हणजे बहुधा लेप आणि रंगासह एकूण जाडी. आतलं लोखंड त्यात सुमारे ०.४३ मिमी भरतं. दोन कोटेशन्सची तुलना करताना दोघांनाही मूळ लोखंडाची जाडी लिहून द्यायला सांगा. दुसरा आकडा लेपाचा: चौरस मीटरला किती ग्रॅम. १२० ग्रॅमचा जस्ती पत्रा आणि २७५ ग्रॅमचा जस्ती पत्रा हातात सारखेच लागतात, पण जस्त दुपटीहून जास्त आहे. रंगीत पत्र्यात अॅल्युमिनियम-जस्ताचा १५० ग्रॅमचा लेप असेल तर तो कारखाना, गोदाम, पार्किंग यांना उत्तम.

गोठ्याला मात्र नाही. शेण-मुताचा अमोनिया अॅल्युमिनियमला खातो, आणि बंदिस्त गोठ्यात तो थेट पत्र्याच्या पोटाला लागतो. गोठ्याला आणि कोंबड्यांच्या शेडला २७५ ग्रॅमचा जस्ती पत्रा बरा, आढ्यावर उघडी झडप ठेवून. सिमेंटचा पत्रा अमोनियाला दाद देत नाही आणि उन्हातही कमी तापतो. पण वजन तिपटीच्या आसपास, आणि दुरुस्तीला वर चढलेला माणूस त्यातून खाली येतो, म्हणून फळी टाकल्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही. गुऱ्हाळात चुलाणावरची वाफ पत्र्याला लागून थेंब परत काहिलीत पडतात. तिथे पत्रा कुठला यापेक्षा आढ्याशी सलग मोकळी फट आणि तिच्यावर टोपी आहे का, हे बघावं.

वळवात पत्रा सुटतो तो स्क्रूपाशी. चार फुटांवर पर्लिन आणि फुटाला एक स्क्रू असेल तर मधल्या भागात एका स्क्रूवर तीस-पस्तीस किलो ओढ येते. कडेला, आढ्याला आणि कोपऱ्यांत वारा दुप्पट ओढतो. तरीही बरेच फिटर सगळीकडे एक सोडून एक स्क्रू मारतात. कडेच्या चार फुटांत प्रत्येक पन्हळीत स्क्रू हवा, आणि कडेच्या दोन पर्लिनमधलं अंतर चारऐवजी तीन फूट. रबरी वॉशर जास्त चपटा झाला तर उन्हाने फाटतो, सैल राहिला तर गळतो. तो किंचित फुगलेला दिसला की थांबायचं. ड्रिलचा बारीक कीस त्याच संध्याकाळी झाडून काढला नाही तर पहिल्या पावसात सगळ्या पत्र्यावर तांबडे ठिपके पडतात.

उतार आणि पाणी

पीईबीवाले १० ला १ उतार सुचवतात. शिरोळ, इचलकरंजी, कोल्हापूर शहरात तो चालतो, पत्रा आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड असेल तर. पत्र्याला जोड असेल तर ५ ला १ घ्या. गगनबावड्याकडे ३ ला १ च्या खाली जाऊ नका. तिथे पाऊस वाऱ्याबरोबर उलटा चढतो आणि कमी उताराच्या जोडातून आत येतो. जोडाचा लॅप (एकावर एक चढलेला भाग) सहा इंच पुरतो तो चांगल्या उतारावर. उतार कमी असेल तर नऊ इंच आणि मध्ये सीलंटची पट्टी.

पन्हाळीचे पाईप लोक अंदाजाने लावतात. तासाला १०० मिमीच्या सरीला चार इंची एक पाईप साधारण ४३ चौरस मीटर, म्हणजे ४६० चौरस फूट छपराचं पाणी घेतो. आपल्या ४० बाय ६० च्या शेडच्या एका पाख्याला १२०० चौरस फूट आहेत, तेव्हा तीन पाईप. पश्चिमेकडे चार. दोन कोपऱ्यांत दोन पाईप लावले की पन्हाळ मध्यावर भरून आत सांडते. शहरात हेच छप्पर वर्षाला दोन लाख लिटरच्या वर पाणी देतं, ते विहिरीत किंवा टाकीत उतरवायची सोय पाईप लावतानाच स्वस्तात होते.

जमीन

काळ्या मातीत पाया किमान पाच फूट, आणि भोवती मुरूमच. काढलेली काळी माती परत भरली तर ती पावसाळ्यात फुगून पेडेस्टल हलवते. जांभ्यावर उलटं होतं: खणणं अवघड म्हणून दीड फुटावर थांबतात आणि वजन पुरत नाही. तिथे खडकात भोक पाडून सळ्या ग्राउटने (पातळ सिमेंटच्या मसाल्याने) बसवाव्यात, पण खडक पोकळ नाही याची खात्री करून.

पुराच्या पट्ट्यात, म्हणजे २०१९ किंवा २०२१ ला जिथे पाणी आलं होतं तिथे, खालच्या सात-आठ फुटांत पक्क्या भिंती घालू नका. पाणी एका बाजूला साठलं की भिंत खांबांसह ढकलली जाते. खाली जाळी किंवा काढता येणारे पत्रे, वर पक्कं. वीजमीटर आणि स्टार्टर पुराच्या खुणेच्या वर. पाण्याखाली गेलेली माती आणि काँक्रीट जवळजवळ अर्ध्या वजनाचं होतं, म्हणून इथला पाया वरच्या हिशेबापेक्षा मोठा धरा.

खांबाच्या पायाशी १२ ते १६ मिमीची बेसप्लेट, २० मिमीचे चार अँकर बोल्ट, दोन फूट खोल, खाली वाकवलेले. प्रत्येक बोल्टला दोन नट. प्लेटखाली ग्राउट. पेडेस्टल फरशीपासून फूटभर वर, गोठ्यात दीड फूट, कारण मूत नेमकं बेसप्लेटशी साचतं.

काम कधी

खोदाई जानेवारीत, सांगाडा फेब्रुवारी-मार्चमध्ये, पत्रे एप्रिलच्या आधी. ब्रेसिंग न लावता उभ्या केलेल्या चौकटी रात्रभर सोडू नयेत. संध्याकाळी निदान तारेचे ताण बांधावेत. पत्रे चढवायला सुरुवात केली तर एक पाखं पूर्ण करूनच थांबावं, अर्धवट छपरात वारा सगळ्यात सहज शिरतो. आणि पत्र्यांची गंजी जागेवर आल्यावर ढग आले तर ती जमिनीपासून उचलून, एक टोक उंच ठेवून, दोरखंडाने बांधावी. दोन पत्र्यांमध्ये अडकलेलं पाणी आठवड्यात पांढरे डाग पाडतं, आणि ते डाग नंतर निघत नाहीत.