स्थानकाखालचा सायकलतळ की दारापुढचे स्टँड?

नेदरलँड्समधील युट्रेख्त स्थानकाच्या चौकाखाली २०१९ साली पूर्ण झालेल्या तीन मजली तळात सुमारे १२,५०० सायकली मावतात. तेथे सायकल चालवतच आत शिरता येते, पहिले २४ तास शुल्क लागत नाही आणि फलाट जवळच असल्याने घर ते स्थानक हा टप्पा मोटारीविना सहज पार पडतो. ज्याला सायकल दिवसभर सोडून रेल्वेने पुढे जायचे आहे, त्याला पाऊस आणि चोरी या दोन्हींची धास्ती उरत नाही. मात्र असे बांधकाम खर्चिक असते आणि त्याला वर्षे लागतात.

रस्त्याकडेला रोवलेला उलट्या ‘यू’ आकाराचा लोखंडी स्टँड थोड्या खर्चात उभा राहतो व दोन सायकली पेलतो. बँक, दवाखाना, मंडई अशा तासाभराच्या कामांसाठी तोच सोयीचा, कारण दारापासून दूर असलेली जागा लोक वापरत नाहीत.

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात सुरुवात या स्टँडपासून व्हावी आणि मेट्रो स्थानकांवर छप्पर व राखणदार असलेले तळ त्याबरोबरच उभारावेत, असे मला ठामपणे वाटते. फक्त पुढचे चाक पकडणारे स्टँड मात्र घेऊ नयेत. त्यांत रिम वाकते आणि सायकलीची चौकट कुलूपबंद करता येत नाही.