हातातला वारामापक: काइटवाल्यांनी घ्यावाच

छोटा, पंख्याचा वारामापक काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या ओढीने फळीवरून पाण्यावर धावणं) आणि विंडसर्फिंग (शीड लावलेल्या फळीवरून धावणं) करणाऱ्या प्रत्येकाकडे हवाच. ॲपवरचा अंदाज म्हणजे कित्येक किलोमीटरच्या चौकटीची सरासरी. गिरगावात इमारतींनी तोडलेला वारा त्यात दिसत नाही. पाण्याच्या कडेला उभं राहा, वारामापक धरलेला हात डोक्याच्या वर उंच धरा, पंखा थेट वाऱ्याकडे वळवा आणि २ मिनिटं मोजा. सरासरी १४ नॉट (ताशी सुमारे २६ किमी) आणि झोत २४ चा असेल, तर काइट उघडूच नका.

दिशा मात्र हा सांगत नाही. हिवाळ्यात सकाळचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा मंद असला तरी माणसाला खोल समुद्रात नेतो, म्हणून काठीला रिबन बांधाच. बेअरिंगमध्ये मीठ साचलं की पंखा अडखळतो आणि आकडा कमी दाखवतो. हा दोष खरंच घातक. दर वेळी गोड्या पाण्याने धुवा.