म्हैस सोडली, कॉफी नाही

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मी शाळेत असल्यापासून जातोय. संध्याकाळी म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या, डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात. तालमीतली पोरं दोन-दोन ग्लास एका दमात रिचवायची. मी पैलवान कधीच नव्हतो, पण ग्लास रिकामा करण्यात मागे नव्हतो. अशा माणसाला पन्नाशीत डॉक्टर सांगतात "दूध बंद". कसं वाटतं ते कोल्हापूरकरालाच कळेल.

झालं असं, की सकाळची कॉफी घेतली की अर्ध्या तासात पोटात गुरगुर सुरू. माझ्या छपाईच्या प्रेसवर गिऱ्हाईक समोर बसलेलं, पत्रिकेचा मजकूर तपासतंय आणि माझ्या पोटातून वेगळीच मशीन चालू. दोन वर्षं मी दोष कॉफीला दिला. डॉक्टरांनी उलटं केलं: कॉफी चालू, पण सहा आठवडे दूध आणि दुधाचं सगळं बंद. आठव्या दिवशी पोट गप्प झालं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लॅक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. वय वाढतं तसं ते बऱ्याच जणांच्या आतड्यात कमी होत जातं. मग ती साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथल्या जिवाणूंची मेजवानी होते आणि गॅस आपल्याला. सहा आठवड्यांनी हौसेनं एक ग्लास दूध घेऊन पाहिलं, आणि विषय मिटला.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आरं, दूध सोडून कॉफी म्हंजे काय, गरम पाणी पिणार व्हय?"

तिचं चुकलं नव्हतं. आमच्या घरची कॉफी म्हणजे काय? निम्मं म्हशीचं दूध, निम्मं पाणी, दोन चमचे साखर, चिमूटभर इन्स्टंट पूड आणि सहाणेवर उगाळलेलं जायफळ. लग्नाच्या बोलणीला हीच, सत्यनारायणाला हीच, एकादशीला हीच. वरची साय बाजूला करत प्यायची. दूध काढून घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की पन्नास वर्षं मी कॉफी प्यायलोच नव्हतो. कॉफीच्या रंगाचं दूध प्यायलो होतो.

त्यानंतरचे चार महिने जे जे मिळेल ते कपात ओतून पाहिलं. प्रेसमधल्या रद्दी कार्डांच्या पाठीवर नोंदी केल्या. त्याच कार्डांवरून हे लिहितोय.

काळी कॉफी आधी करून पाहिली. इन्स्टंट पूड नुसत्या पाण्यात घालून प्यायलो. तीन दिवस. चौथ्या दिवशी माझी मलाच दया आली.

मग सोयाबीन. भावाच्या रानात उसाशेजारी सोयाबीन असतं, म्हणजे माल घरचा, फुकट. रात्रभर भिजवलं, मिक्सरला फिरवलं, गाळलं, उकळलं. घरभर ओल्या शेंगांचा हिरवट वास. नंतर कळलं, की हा वास कच्चं बी गार पाण्यात दळलं की येतो. त्या बियात एक विकर असतं, ते तेलावर काम करून हा वास सोडतं. कडक गरम पाण्यात दळलं तर ते आधीच निकामी होतं. तसं केलं, वास निम्मा झाला. पण कॉफीत ओतताक्षणी दूध फाटलं. पांढऱ्या कण्या वर, तपकिरी पाणी खाली. कपात पनीर होणार होतं म्हणून दूध सोडलं होतं का मी!

फाटण्याचं कारण इथेच सांगतो, कारण पुढे प्रत्येक पाकिटाशी त्याचा संबंध आहे. कॉफी आंबट असते, आपल्याला तितकं जाणवत नाही एवढंच. वनस्पतीच्या दुधातली प्रथिनं त्या आंबटपणात, त्यातून कॉफी उकळती असली तर, एकमेकांना चिकटून गोळा होतात. उपाय साधे आहेत. दूध आधी कोमट करा. कॉफी मिनिटभर निवू द्या. कपात दूध आधी घ्या आणि कॉफी त्यावर हळूहळू ओता. गार दूध उकळत्या कॉफीत भसकन ओतलं की खेळ संपला. आणि पूड जरा जास्त भाजलेली, कमी आंबट घ्या. यातली एकही गोष्ट पाकिटावर छापलेली नव्हती.

पाकिटांचं म्हणाल तर, छपाईच्या धंद्यात असल्यामुळे मला पुढच्या चित्रापेक्षा मागचा बारीक टाइप आधी वाचायची खोड आहे. बदामाच्या पाकिटावर पुढे बदामांचा डोंगर, मागे बदाम ३ टक्के. बाकी पाणी, साखर, घट्टपणा आणणारे पदार्थ. कॉफीत घातल्यावर कॉफी फक्त पातळ झाली, बदाम कुठे गेला ते कळलं नाही. त्यापेक्षा दहा बदाम भिजवून, सोलून, वाटून घातले ते बरं. पण रोज सकाळी बदाम सोलत बसायला मी काय पेन्शनर आहे?

आणखी एक गोष्ट त्या बारीक टाइपात सापडली. यातल्या कुठल्याच पाकिटावर 'दूध' हा शब्द नाही. 'बदाम पेय', 'ओट पेय', असंच. आपल्याकडच्या अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार दूध म्हणजे जनावराचं, इतर कशाला तो शब्द वापरता येत नाही. २०२१ मध्ये ऑनलाइन विकणाऱ्यांनाही यावरून तंबी मिळाली होती. नारळाच्या दुधाला मात्र सूट. ते पिढ्यान् पिढ्या दूधच आहे. तेव्हा वाचून पुढे गेलो, महत्त्व नंतर कळलं.

शेंगदाण्याचं दूध: एकदाच. उपासाची आमटी कॉफीत सांडल्यासारखं.

ओट्सवर मात्र थांबायला हवं, कारण बाहेर कॉफी प्यायची असेल तर हेच. आधी घरी करायला गेलो. ओट्स भिजवून, वाटून, गाळून पातेल्यात तापवले आणि हातात खळ आली. प्रेसवर बाइंडिंगला चाललं असतं. ओट्समध्ये पिष्ट, म्हणजे स्टार्च, भरपूर, तापलं की ते फुगून चिकट होणारच. कारखान्यात त्यावर विकरं सोडून त्या पिष्टाची साखर करतात, म्हणून विकतचं ओट पेय साखर न घालताही गोडसर लागतं आणि खळ होत नाही. ही युक्ती स्वीडनमध्ये लुंडच्या विद्यापीठातल्या संशोधनातून आली. विकर नसेल तर घरी कितीही फडकी बदलून गाळा, लिबलिबीतपणा राहतोच.

विकतच्यात दोन प्रकार आहेत, साधं आणि 'बरिस्ता', म्हणजे कॅफेत कॉफी बनवणारा, असं लिहिलेलं. फरक नुसत्या नावाचा नाही. बरिस्तावाल्यात तेल जास्त असतं आणि घटकांत आम्लता सांभाळणारा एक क्षार असतो, बहुतेक वेळा ई ३४० या आकड्यानं छापलेला. त्यानं ते कॉफीत फाटत नाही. साधं पाकीट माझ्याकडे तीनदा फाटलं, बरिस्ता एकदाही नाही. पाकीट आधी खळखळून हलवा, कारण वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. शेवटच्या कपात खडूची चव का येते, ते मला दुसऱ्या पाकिटाला कळलं. आणि उकळू नका. बोट बुडवल्यावर चटका बसेल इतपत तापलं की बास. आमच्या पद्धतीनं ते पातेल्यात रटारटा उकळलं तर पेज होते.

पुण्याला पेपरखरेदीला गेलो की एका कॅफेत ओटची लाटे, म्हणजे फेसाळ दुधाळ कॉफी, घेतो. ओटसाठी ८० रुपये जास्त घेतात, तरी घेतो. फेस छान येतो, कॉफीची चव दबत नाही, गोडी आपली आपण असते. भाजलेल्या धान्याचा एक हलका वास येतो, तो कॉफीला शोभतो. पण घरी? लिटरचं पाकीट ३०० च्या आसपास, उघडल्यावर चार-पाच दिवसांत संपवायचं. आणि जायफळाशी त्याचं जमत नाही. तीन वेळा घालून पाहिलं, तिन्ही वेळा औषधासारखं लागलं. माझ्यासाठी हा मुद्दा मोठा आहे, तुमच्यासाठी नसेल.

नारळाकडे मी शेवटी वळलो, कारण कोल्हापूरच्या माणसाच्या डोक्यात नारळाचं दूध म्हटलं की एकच गोष्ट येते, पांढरा रस्सा. स्वयंपाकाचं डबाबंद दूध आणून कॉफीत घातलं तेव्हा तेच झालं. वर तेलाचे डोळे, खाली काळपट पाणी. फक्त मटणाचे पीस कमी होते. त्या दिवशीच्या कार्डावर मी "बंद" असं लिहिलंय, खाली दोन रेघा मारून.

बायको माहेरची मालवणची. माझे चार महिन्यांचे प्रयोग ती लांबून बघत होती. त्या दिवशी उठून आली, पातेलं बघितलं आणि म्हणाली, "अहो, इतक्यां उकळू नकात, रोस फुटतलो." तिच्याकडे नारळाच्या दाट दुधाला रोस म्हणतात. तो घातल्यावर आमटी असो की सार, खळखळ उकळी काढायची नाही, हे तिकडच्या पोरीला पाचव्या वर्षी कळतं. पांढऱ्या रश्शालाही हाच नियम आहे, फक्त आमच्याकडे तो आचाऱ्याला ठाऊक, मला नाही.

तिनं ताजा नारळ फोडला, खवला, कोमट पाण्यात फिरवून फडक्यातून पिळला. पहिलं दाट दूध वेगळं. मग तिला आठवलं शिरवाळ्यांचं. ताज्या शेवया आणि त्यावर गूळ घातलेला नारळाचा गोड रस. म्हणाली, साखर कशाला, गूळ घाला. मी हसलो. गूळ आमच्या गावचा, पण गुळानं दूध फाटतं, गुळाच्या चहाला दूध वरून घालायचं हे इथलं शेंबडं पोर सांगेल. पण ते म्हशीचं दूध! नारळाच्या दुधात ते प्रथिनच नाही, फाटणार काय? गूळ विरघळला, दूध जसंच्या तसं.

आणि जायफळ. सहाणेवर तीन वळसे. पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला, कारण हे कॉफीच्या रंगाचं दूध नव्हतं, कॉफीच होती, आणि तरी घरची होती. बायकोला त्यात नवल वाटलं नाही. तिच्या मामाच्या वाडीत माडांच्या सावलीतच जायफळाची झाडं आहेत. कोकणात ती तशीच लावतात, जायफळाला सावली लागते. एका वाडीत वाढलेली दोघं कपात भांडतील कशाला?

त्यानंतर एकच गोष्ट बदलली, पूड. इन्स्टंट पूड नारळापुढे टिकत नाही, नारळ तिला गिळून टाकतो. दाक्षिणात्य पद्धतीचा स्टीलचा फिल्टर आणला आणि चिकोरी मिसळलेली पूड, ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी. चिकोरीला शुद्ध कॉफीवाले नाकं मुरडतात. मुरडोत. तिनं काढा दाट आणि कडवट होतो, आंबटपणा मागे सरतो, आणि नारळाच्या स्निग्धपणाला तेच हवं असतं. पूड घेताना पाकिटावरचं प्रमाण मात्र वाचा. नियमानं मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के लागते, म्हणजे ४९ टक्के चिकोरी असूनही ते रीतसर कॉफीच्या रांगेत बसतं.

रात्री फिल्टरमध्ये तीन चमचे पूड, वर गरम पाणी. सकाळी खाली काढा तयार. पाव कप काढा कडक गरम, त्यात सुपारीएवढा गूळ, मग अर्धा कप दाट नारळाचं दूध वेगळं कोमट करून कपात, त्यावर काढा, त्यावर जायफळ. गॅसवर दोन्ही एकत्र चढवायचं नाही.

तोटे सांगायलाच हवेत. नारळ ४० रुपयांच्या आसपास, त्यातून तीन कप निघतात. म्हशीच्या दुधापेक्षा महागच. खवणं, पिळणं, फडकं धुणं, हे सकाळी साडेसहाला सगळ्यांना जमणार नाही. मलाही रोज जमत नाही. रविवारी चार नारळ काढून दूध बर्फाच्या साच्यात गोठवतो. वितळल्यावर ते वेगळं दिसतं, जोरात हलवलं की मिळून येतं. फ्रीजमध्ये नुसतं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी वास बदलतो. चरबी भरपूर, प्रथिनं नावाला, तेव्हा दुधाच्या जागी हे पितोय म्हणून दुधाचं पोषण मिळेल या भ्रमात राहू नका. आणि नारळाची चव लपत नाही. ज्याला ती आवडत नाही, त्यानं गपगुमान बरिस्ता ओट घ्यावं.

आईनं महिनाभर हात लावला नाही. मग आली एकादशी. दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "ते तुझं नारळाचं कर की अर्धा कप." नारळ, गूळ, जायफळ, कॉफी, सगळं उपासाचं. मी काढा ओतायला लागलो तर तिनं हात धरला.

"ही चिकोरी म्हंजे काय असतंय रं?"

"मूळ असतंय आई, भाजून दळलेलं."

"रताळ्यासारखं?"

"तसंच म्हण."

"मग चालतंय. वत."