काचेची बेकिंग डिश आणि आमचा सकाळचा ओट्स: सव्वा वर्षानंतरचं मत

माझी पहिली काचेची डिश फुटली ती चिकूच्या ओट्ससकट. ओव्हनमधून काढून नेहमीच्या सवयीने ओट्यावर ठेवली, डिसेंबरचा गार पडलेला ग्रॅनाइट, आणि बंद दारावर काठी मारावी तसा आवाज होऊन मधोमध दोन तुकडे झाले. सासूबाई स्वयंपाकघरात अनवाणी वावरतात. त्या दिवशी देवघरात होत्या म्हणून निभावलं. खोक्यावर 'ओव्हनमध्ये चालेल' असं छापलेलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण ती साधी काच होती हे मला नंतर कळलं.

म्हणून दुसरी घेताना भांड्याच्या दुकानात उभं राहून तळावरचा शब्द वाचला: बोरोसिलिकेट. साधी काच तापल्यावर जेवढी फुगते, त्याच्या साधारण एक तृतीयांशच ही फुगते. एक भाग गरम आणि दुसरा गार झाला तरी आत ताण कमी येतो, सगळी मेख तिथेच आहे. डिश आयताकृती, १.६ लिटरची, साडेसहाशे रुपयांना. गेलं सव्वा वर्ष आठवड्यातून तीनदा तरी तिच्यात भाजलेला ओट्स होतोय, तेव्हा मत द्यायला हरकत नाही.

आधी पदार्थ सांगते, कारण डिशची परीक्षा त्यातच होते. रात्री २०० ग्रॅम जाड रोल्ड ओट्स, अर्धा लिटर दूध, दोन काळे ठिपके पडलेली केळी कुस्करून, दोन चमचे भाजलेल्या जवसाची पूड, वेलची, चिमूटभर मीठ, सगळं डिशमध्येच कालवायचं आणि झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवायचं. आमच्याकडे सासूबाईंना अंडं चालत नाही, ते काम केळं आणि जवस मिळून करतात. सकाळी अर्धी वाटी गूळपावडर, दोन चमचे पातळ तूप, एक चमचा बेकिंग पावडर आणि फळं घालून ढवळते. बेकिंग पावडर रात्री घालू नका, सकाळपर्यंत तिचा बराचसा जोर ओलाव्यातच संपतो. मग १७० अंशांवर चाळीस मिनिटं. दोन मिनिटांत शिजणारे ओट्स यात वापरले तर खळ होते. ते पातळ लाटलेले असतात, रात्रभर दुधात विरघळतात. जाड ओट्स फुगूनही दाताखाली राहतात.

आता काच का, स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा डबा का नाही? कारण तळ दिसतो. हा पदार्थ वरून लवकर सोनेरी होतो आणि फसवतो, आत मधोमध दूध तसंच असतं. काचेतून बघितलं की कडेचे बुडबुडे आधी मोठे, मग बारीक, मग थांबलेले दिसतात. तळाशी बदामी रंग कडेकडून आत सरकतो आणि मध्यापर्यंत पोचला की बंद करायचं. सुरी खुपसून पाहायला नको. १९१३ साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीतल्या शास्त्रज्ञाच्या पत्नीने, बेसी लिटलटन यांनी, बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ घेऊन त्यात केक भाजला आणि दोन वर्षांनी स्वयंपाकाची काच बाजारात आली. हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं. आत काय चाललंय ते बाहेरून दिसणं, ही सोय स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच आधी दिसणार.

सासूबाई सावंतवाडीकडच्या. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हणाल्या, "अगं, हे तर धोंडसाच्या घरातलंच." तवशाचं धोंडस म्हणजे काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं जाड बुडाच्या भांड्यात घालून खाली विस्तव आणि वर झाकणावर निखारे. फणसाचं सांदणही त्याच घरातलं, फक्त वाफवलेलं. त्यांच्या आईला धोंडस झालं की नाही ते वासावरून कळायचं. हल्ली त्या स्टूल घेऊन ओटीजीसमोर बसतात आणि काचेकडे बघत मला सांगतात, "अजून थांब, मधे पांढरं आहे." त्यांचा अंदाज चुकत नाही.

फळांचं थोडं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी फार पाणी सोडते, तिला अर्धी वाटी दूध कमी करा. फेब्रुवारीत आमच्या नाशिकची द्राक्षं अख्खी घालते. भाजल्यावर साल तडकून आतला रस जॅमसारखा होतो, आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रकार आहे. पुरंदरचे अंजीर कापून वर मांडायचे, ढवळायचे नाहीत. घोलवडचा चिकू गोड असतो, त्याला गूळ निम्मा. हापूस मात्र मी भाजत नाही, तापला की त्याचा वास निघून जातो. फोडी ताटात वरून. ताजा अननस कच्चा दुधात पडला तर दूध कडू होतं. आधी गुळात पाच मिनिटं शिजवून घ्या.

डिशच्या तक्रारीही आहेत. रिकामीच सव्वा किलोच्या वर भरते, सासूबाईंच्या हातात मी देत नाही. झाकण प्लास्टिकचं आहे, फ्रीजपुरतंच, आणि त्याची एक कड वर्षभरात सैल झाली. आणि घेण्याआधी ओव्हन आतून मोजा, डिशच्या दोन्ही कानांसकट. माझ्या २८ लिटरच्या ओटीजीत ही जेमतेम बसते, लहान ओटीजीत दार लागणार नाही.

बोरोसिलिकेट आहे म्हणून तिचे हाल करायचे नाहीत. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवते, तेवढ्यात माझी आंघोळ होते. भाजून झाल्यावर लाकडी पाटावर पंचाची चौपदरी घडी, त्यावर डिश. गरम असताना नळाखाली धरत नाही. कडेला चिकटलेला गूळ कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून तासभर भिजवला की बोटाने सुटतो. तारेची घासणी काचेवर ओरखडे पाडते, आणि पुढे फुटायची सुरुवात त्या ओरखड्यातूनच होते.

१.६ लिटरमध्ये सहा मोठे चौकोन निघतात. लेक पुण्याला शिकायला गेल्यापासून आम्ही तिघंच आहोत, त्यामुळे तीन तुकडे दुसऱ्या दिवशी तव्यावर थेंबभर तुपात शेकावे लागतात. ते कडेने कुरकुरीत होतात आणि मला ते पहिल्या दिवसापेक्षा आवडतात. पण सासूबाईंच्या कवळीला ती कड टोचते. त्यांना ताजं, मऊ, डिशमधून थेट चमच्यानेच काढलेलं हवं असतं. म्हणून त्याच काचेतली एक लिटरची चौकोनी डिश दुकानात सांगून ठेवली आहे. स्ट्रॉबेरी सुरू व्हायच्या आत ती घरी यायला हवी.